शिबंच आहे, काही नाही

मृगाचा पाऊस लागला की आठ दिवसांत माझ्या दुकानात पहिल्या चिखल्या येतात. मग नायटे, गजकर्ण, गळवं, केसतुडं. ऑगस्ट संपेपर्यंत निम्म्या रत्नागिरीची कातडी काउंटरवरून माझ्या डोळ्यांखालून गेलेली असते. कुणी विजार गुडघ्यापर्यंत ओढतं, कुणी सदऱ्याची दोन बटणं काढतं, बायका पदराआडून मानेची मागची बाजू दाखवतात. जांघेतलं दुखणं असलं की माणूस समोरच्या पानाच्या गादीवर उभा राहून माझं दुकान रिकामं व्हायची वाट बघतो. १९८९ साली डी.फार्म. होऊन मी दुकान टाकलं, तेव्हापासून हे असंच चाललंय. मी डॉक्टर नाही. पण माझ्याकडे नंबर लावावा लागत नाही, फी नाही, आणि मी गावचाच. त्यामुळे लोक आधी मला विचारतात, आणि मी कधी ‘मला ठाऊक नाही’ म्हणालो असेन तर ते मला आठवत नाही.

दुकान आता मुलगा बघतो. मी दुपारी दोन तास बसतो. बसल्या बसल्या जुन्या गोष्टी वर येतात, आणि त्यांतल्या ज्या टोचतात त्या बहुतेक कातडीच्या आहेत. ताप, खोकला, पोटदुखी यांत मी क्वचित चुकलो. कातडीत मात्र वारंवार चुकलो, आणि चुकलो ते गोळी-मलमात कमी, बोलण्यात जास्त.

पहिली गोष्ट १९९४ सालची. एप्रिल अखेर, आंब्याचा हंगाम, दुपारची वेळ. दुकानात सहा-सात माणसं. गावातल्याच एका वैद्यांची चिठ्ठी घेऊन एक गृहस्थ आले. त्यांना मी चांगला ओळखत होतो. चिठ्ठीवर उशीरासव होतं, अडुळशाचं एक औषध होतं, आणि वर कोपऱ्यात रोगाचं नाव लिहिलेलं होतं : रक्तपित्त. खाली मुलीचं नाव, वय बावीस.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या कोकणात, खाली गोव्यापर्यंत, महारोगाला रक्तपिती म्हणतात. बोलताना रगतपिती. माझी आजी हा शब्द उच्चारायची वेळ आली की आधी आवाज उतरवायची, मग शब्द. आयुर्वेदातलं रक्तपित्त मात्र वेगळंच. नाका-तोंडातून, नाहीतर खालच्या वाटेनं रक्त जातं, त्याला ते नाव. उन्हाळ्यात पोराचा घोळणा फुटतो, त्याच घरातलं हे दुखणं. उशीरासव म्हणजे वाळ्याचं औषध आणि अडुळसा, ही दोन्ही त्यावरची जुनी औषधं. औषधं वाचून कुठल्याही पहिल्या वर्षाच्या आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला रोग कळला असता. मी गेली पाच वर्षं ती औषधं विकत होतो, पण मला कळलं नाही. मी फक्त शब्द वाचला, आणि कानात आजीचा आवाज आला.

मी काउंटरवर पुढे वाकलो आणि हळू आवाजात विचारलं, “काका, रगतपिती? घरात कुणाला?”

हळू आवाजात विचारलं, तिथंच घात झाला. मोठ्यानं विचारलं असतं तर कदाचित कुणाचं लक्षही गेलं नसतं. दुकानात मी दिवसभर मोठ्यानंच बोलतो. कुजबुज मात्र लोक कान देऊन ऐकतात. गृहस्थांचा चेहरा पडला. ते म्हणाले, “नाय हो, तिचा घोळणा फुटतो उन्हाचा.” पण तोपर्यंत मागच्या बाकावरच्या बाईनं पिशवी उचलून जागा बदलली होती.

त्या मुलीचं लांज्याकडे जमत आलं होतं, हे मला नंतर कळलं. पंधरा दिवसांत तिकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून झाली होती. गृहस्थ ती चिठ्ठी घेऊन पुन्हा दुकानात आले, काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “तुम्ही माझ्याबरोबर लांज्याला चला. वैद्यबुवाही येतायत. तुम्ही सांगा की तुमची वाचण्यात चूक झाली.”

मी गेलो नाही. त्याहून वाईट म्हणजे मी म्हणालो, “मी कुठं काय बोललो? मी फक्त विचारलं.”

हे वाक्य तीस वर्षं माझ्या मानेवर बसलंय. चूक कुणाचीही होते, शब्द सारखे आहेत, दुपारची वेळ होती, हे सगळं खरं. पण एक दिवस दुकान बंद ठेवून लांज्याची एस.टी. पकडायला मला काय होत होतं? मला भीती एवढीच होती की गावात म्हणतील, याला चिठ्ठी वाचता येत नाही. माझी अक्कल झाकायला मी त्या मुलीवरचा डाग तसाच राहू दिला.

तिचं लग्न पुढे तीन वर्षांनी झालं, लांबच्या गावात. तिचे वडील त्यानंतर वीस वर्षं समोरच्या फुटपाथवरून जात राहिले आणि औषध पुढच्या चौकातल्या दुकानातून घेत राहिले. माझ्या दुकानासमोर आले की छत्री उन्हाच्या बाजूला धरायच्या ऐवजी माझ्या बाजूला धरायचे. ते गेले तेव्हा मी अंत्ययात्रेला होतो, सगळ्यांत मागे.

त्या शब्दाला एवढं वजन का, हे त्या वयात मला कळत नव्हतं. पुढे वाचत गेलो तेव्हा उमगलं. आपल्या जुन्या वैद्यकात कुष्ठ हा शब्द फार सैल आहे. अठरा कुष्ठं सांगितली आहेत, सात मोठी आणि अकरा क्षुद्र, आणि त्यांत आपलं साधं गजकर्णही येतं, दद्रु या नावानं. म्हणजे जुन्या हिशेबानं अर्धं गाव कुष्ठरोगी. मग विसाव्या शतकात ‘महारोग’ हा शब्द जरा खुपतो म्हणून सभ्य शब्द म्हणून ‘कुष्ठरोग’ आणला, आणि तो मात्र एकाच आजाराला घट्ट चिकटवला. पांढऱ्या कोडाचा महारोगाशी काडीचाही संबंध नाही. कोडात कातडीचा रंग तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढंच. पण ‘श्वेतकुष्ठ’ या एका नावानं कोडाच्या किती मुली घरात बसवून ठेवल्या, याची मोजदाद नाही. कायदाही शब्दाला घाबरूनच वागत आला. १८९८ चा महारोग्यांना कोंडून ठेवणारा कायदा २०१६ साली रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागायची सोय २०१९ साली निघाली. आमच्या रत्नागिरीतच एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून महारोग्यांसाठी दवाखाना उभा राहिला होता. म्हणजे आमच्या गावाला हा आजार परका नव्हता, आणि त्याची भीती तर नव्हतीच नव्हती परकी.

त्या १९९४ नंतर मी एक गोष्ट ठरवून टाकली. काउंटरवर कातडीच्या रोगाचं नाव घ्यायचं नाही. ‘ॲलर्जी आहे’, ‘इन्फेक्शन आहे’, ‘खाज आहे’, एवढ्यावर भागवायचं. मला वाटलं, हा शहाणपणा. तो खरं तर माझ्या भित्रेपणाला शिवलेला अंगरखा होता. नाव घ्यायचं नाही ठरवलं की विचारायचंही हळूहळू बंद होतं.

आणि लोक तर नावं घेऊन येत होते! हे मला आत्ता फार जाणवतं. आमच्या माणसांकडे कातडीचे शब्द भरपूर आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत अर्धं निदान असतं. ‘खरूज’ म्हणताना बाई सांगते की रात्री जास्त खाजतं आणि घरात सगळ्यांना आहे. खरजेचा किडा कातडीत बीळ करून राहतो आणि घरभर फिरतो, एकट्याला औषध देऊन उपयोग नाही, हे सगळं तिच्या त्या एका तक्रारीत आलं. ‘गजकर्ण’ म्हणजे कडा वाढत जाते आणि मधली जागा निवळत जाते. इंग्रजीत त्याला रिंगवर्म म्हणतात, पण त्यात वर्म म्हणजे किडा कुठलाच नाही, बुरशी आहे. आपल्या शब्दात निदान किडा तरी घुसवलेला नाही. ‘इसब’ कोरडा की वाहता, हे म्हातारी न विचारता सांगते. ‘पित्त उठलं’ म्हणजे गांधी आल्या, अर्ध्या तासात जातात, दुसरीकडे येतात. ‘चाई’ म्हणजे केसांत गुळगुळीत टक्कल पडलेला एक रुपया.

आणि ‘उतणे’. हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. बिबा उततो, आंब्याचा चीक उततो, काजूचं तेल उततं. फोड येतात, कातडी भाजल्यासारखी होते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात आंबे काढणाऱ्या गड्यांच्या ओठांवर, मानेवर असे चट्टे हमखास. आंबा, काजू आणि बिबा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली, आणि तिघांच्या चिकात कातडीला डिवचणारी एकमेकांच्या नात्यातली द्रव्यं आहेत, हे शास्त्र मी पुस्तकात वाचलं. आमच्या बायकांनी तिघांना एकच क्रियापद लावून ते केव्हाच सांगून ठेवलं होतं.

एकदा काजू फोडणारी एक बाई आली. बोटांच्या पेरांवर काळी पडलेली, सोललेली कातडी. म्हणाली, “भाऊ, काजू उतलाय.” आजार, कारण, उपाय, सगळं त्या दोन शब्दांत होतं : हाताला तेल लाव, राख लाव, टरफलाच्या तेलापासून हात दूर ठेव. मी तिला म्हटलं, “इन्फेक्शन आहे,” आणि बुरशीचं मलम दिलं. पंचेचाळीस रुपये. तिच्या दिवसाच्या मजुरीतले.

आता त्या ट्यूबबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण माझ्या दुकानाचे दोन मजले तिच्यावर चढले असं म्हटलं तरी चालेल.

नव्वदीच्या शेवटापासून अशा मलमांचा पूर आला. एकाच ट्यूबमध्ये बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध, आणखी एक कशावरचं तरी, आणि या सगळ्यांच्या पोटात क्लोबेटासॉल, म्हणजे अतिशय जहाल स्टेरॉइड. औषध कंपनीचा एम.आर. सांगायचा, “साहेब, काहीही असू द्या, हिच्यात सगळं आहे.” स्कीम दहावर दोन, दिवाळीत दहावर चार. मला तर हे वरदानच वाटलं. मला रोगाचं नाव घ्यायचं नव्हतं, आणि इथं नावाची गरजच नव्हती! नायटा असो, इसब असो, खरूज असो, ट्यूब एकच.

आणि ती चालायची. हे कबूल केलं नाही तर बाकीचं खोटं ठरेल. गजकर्णाला लावली की दोन दिवसांत खाज थांबायची, लाली उतरायची. गिऱ्हाईक खूष. स्टेरॉइड खाज थांबवतं, बुरशी थांबवत नाही. उलट कातडीचा पहारा उठवून तिला मोकळं रान देतं. आठ दिवसांनी माणूस मलम सोडतो, पंधरा दिवसांनी दुखणं दुप्पट होऊन येतं. तो पुन्हा माझ्याकडे येतो, कारण मागच्या वेळी माझ्याच मलमानं ‘गुण’ आला होता. यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक दुकानदाराला दुसरं कुठं मिळणार?

मी जाणूनबुजून लोकांना फसवलं असं मात्र नाही. फसलो मीही. दोन पावसाळे मी ती स्वतःच्या जांघेत लावली. आमच्याकडे जुलैत कपडे वाळतच नाहीत. पडवीतल्या दोरीवर चार दिवस लोंबतात, मग चुलीच्या, हल्ली पंख्याच्या वाऱ्यावर, आणि शेवटी दमट असतानाच अंगात जातात. बुरशीला याहून चांगलं घर नाही. मला नायटा झाला, मी ट्यूब लावली, बरं वाटलं, परत झाला, परत लावली. मग बायकोला कमरेवर, मग मुलाला. एकच टॉवेल होता बाथरूममध्ये. तिसऱ्या वर्षी माझ्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा तांबड्या रेघा उठल्या. मी त्या आरशात बघितल्या आणि काय झालंय हे मला त्या क्षणी कळलं, कारण डी.फार्म.च्या पुस्तकात स्टेरॉइडच्या दुष्परिणामांच्या यादीत ते होतं. पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

त्या रेघा आता पांढऱ्या झाल्या आहेत. जात नाहीत.

मी ट्यूब विकायची बंद केली का? नाही. घरात बंद केली. दुकानात आणखी पाच-सहा वर्षं चालू ठेवली. ‘मी नाही दिली तर शेजारचा देईल’ हे वाक्य आमच्या धंद्यात गीतेसारखं पाठ असतं. शेवटी २०१८ साली केंद्र सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून. तेव्हा मी ती काउंटरवरच्या रॅकमधून उचलून आतल्या कपाटात ठेवली. कायद्यानं जे करायला लावलं ते आधी शरमेनं करता आलं असतं. त्वचारोगतज्ज्ञ तर त्याआधी कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडत होते. त्यांच्याकडे येणाऱ्या गजकर्णाचं रूपच पालटलं होतं. वर्तुळात वर्तुळं, चेहऱ्यावर, छातीवर, साध्या औषधाला दाद न देणारी. या बुरशीचा एक प्रकार २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी वेगळा नोंदवला. त्याचं नाव ठेवलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात आपला देश आला. बुरशीवरच्या टर्बिनाफिनलाही तो पुष्कळदा जुमानत नाही, आणि आता तो युरोप-अमेरिकेत पोचलाय. त्या प्रवासात माझ्या काउंटरचा वाटा किती, हे कुणी मोजणार नाही. पण शून्य नाही.

नागिणीच्या बाबतीतही एकदा असंच झालं. एक निवृत्त शिक्षक बरगडीवर फोडांची माळ घेऊन आले आणि विचारू लागले, दोन्ही टोकं मिळाली की माणूस मरतो हे खरं का? मी हसलो. सर, तुम्ही शिक्षक असून असं? म्हटलं, नागीण एका बाजूच्या नसेवरून जाते, ती मध्यरेषा सहसा ओलांडत नाही, टोकं मिळायचा प्रश्नच नाही. हे सांगण्यात मी एवढा रंगलो की त्यांना कॅलामाइन लोशन देऊन घरी पाठवलं. फोड येऊन दुसरा दिवस होता. पहिल्या बहात्तर तासांत असायक्लोव्हिर सुरू व्हायला हवं होतं, निदान डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं. फोड गेले, पण बरगडीतली आग दीड वर्ष राहिली. अंगाला सदरा लागलेला सहन होत नव्हता म्हणून सर मे महिन्यात उघडे बसायचे.

आता ती गोष्ट, जी लिहायची म्हणून मी हे सगळं लिहायला घेतलं.

२०१५ सालचा सप्टेंबर. गणपती नुकते गेले होते. मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवरचा खलाशी, तिशीतला, दुकानात आला. बनियन वर करून पाठीवरचा, खांद्याखालचा डाग दाखवला. कातडीच्या रंगापेक्षा फिकट, तळहाताएवढा, कडा बऱ्यापैकी स्पष्ट. दुसरा डाग दंडावर. म्हणाला, “भाऊ, खाजत बिजत काय नाय. पण हितं घामच येत नाय.”

मी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलंय, कारण मला ते जसंच्या तसं आठवतं. रत्नागिरीच्या सप्टेंबरात, जिथं उभ्या उभ्या माणूस निथळतो, तिथं एका जागी घाम येत नाही. शिब्यात असं होत नाही. शिबं म्हणजेही बुरशीच, कातडीवर मुळातच राहणारी, घामट हवेत माजणारी. नखानं खरवडलं की बारीक कोंडा निघतो. डाग फिकट दिसतो, पण तिथं घाम येतो, केस असतात, मुंगी चावली तर कळतं. घाम नाही, केस विरळ, स्पर्श कळत नाही, असा डाग असेल तर त्याला एकच नाव शक्य आहे, निदान ते आधी तपासून बाजूला करावं लागतं. मला हे ठाऊक होतं. सरकारी भिंतीवर, एस.टी. स्टँडवर, दर ३० जानेवारीला वर्तमानपत्रात मी ते हजार वेळा वाचलं होतं.

तो शब्द माझ्या मनात आलाही. क्षणभर. आणि त्याच्या मागोमाग १९९४ ची दुपार आली, पिशवी उचलून बाकावरची जागा बदलणारी बाई आली, लांजा आलं. मागं एक गिऱ्हाईक उभं होतं. मी स्वतःशी असंही म्हणालो की २००५ साली सरकारनं जाहीर केलंय, देशातून हा आजार हटला. त्या जाहीर करण्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रोगी, एवढाच होता. संपला असा नव्हता, आणि हेही मला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टी किती सोयीनं विसरता येतात!

मी म्हणालो, “शिबंच आहे, काही नाही.”

शब्द त्यानं उच्चारला नव्हता. मी पुढे केला.

त्याला सेलेनियम सल्फाइडचं लोशन दिलं. महिन्यानं तो परत आला, मी दुसरं दिलं. त्यानंतर आला तेव्हा तिसरं. एकदाही माझ्या खिशातल्या पेनाचं टोक त्या डागावर टेकवून मी विचारलं नाही, कळतंय का? तेवढ्या तपासणीला पदवी लागत नाही. डोळे मिटायला सांगायचे आणि टेकवायचं.

पुढच्या वर्षी आशाताई घरोघर डाग तपासत फिरल्या तेव्हा त्यांनी त्याला पकडला. तोपर्यंत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. कोपरामागची नस, जिथं धक्का लागला की आपल्याला वीज चमकल्यासारखी वाटते, ती दोरीसारखी जाड झाली होती. ट्रॉलरवर बर्फाच्या खोक्यात हात घालून तो मासळी रचायचा. बर्फ बोचत नाही म्हणून सोबतचे त्याला कौतुकानं वाघ म्हणायचे. हात बधिर होता, एवढंच.

त्याला बारा महिन्यांचं बहुविध औषधोपचाराचं पाकीट सुरू झालं. हॅनसेननं १८७३ साली नॉर्वेत हे जंतू पाहिले. खात्रीचा इलाज यायला पुढची शंभर वर्षं गेली. १९८० च्या दशकापासून मात्र तीन औषधांचा हा उपचार आहे आणि तो रोग पुरता बरा करतो. सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत माणूस दुसऱ्याला लागण देत नाही. बहुतेकांच्या अंगात मुळात या जंतूला पुरून उरण्याची ताकद असतेच. जंतू मरतात. पण नस एकदा बराच काळ दबली की ती परत येत नाही. त्याची बोटं आली नाहीत.

मला हे सगळं आशाताईंकडूनच कळलं. त्या गोळ्या-बिस्किटं घ्यायला दुकानात येतात. नाव त्यांनी घेतलं नाही, पण करंगळीचं सांगितलं आणि मी ओळखलं. त्या रात्री मी बायकोला १९९४ ची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. बावीस वर्षं लपवली होती. ती म्हणाली, “तेव्हा बोललात ते एक आणि आता नाही बोललात ते एक. दोन्ही वेळा तुम्ही तुमचीच अब्रू बघितलीत.”

यावेळी मी गेलो. मिरकरवाड्याच्या जेटीवर, संध्याकाळी होड्या लागतात तेव्हा. औषधांमुळे त्याची कातडी काळवंडली होती. तीन गोळ्यांतल्या एकीचा तो परिणाम, औषध थांबल्यावर हळूहळू जातो. तो जाळ्याची दुरुस्ती करत होता, डाव्या हातानं. मी सांगितलं की मला तेव्हाच शंका आली होती. हे सांगणं सोपं गेलं नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “भाऊ, तुम्ही शिबं म्हणालात तेव्हा मला लय बरं वाटलं होतं.”

शिवी दिली असती तर मी हलका होऊन परतलो असतो.

तो अजून बोटीवर जातो, पण खलाशी म्हणून नाही, स्वयंपाकाला. तापलेल्या भांड्याला हात लावायच्या आधी फडकं घ्यायचं, हे त्याला घोकून पाठ करावं लागलं, कारण चटका त्याला सांगत नाही. महिन्याला व्हॅसलीनची डबी माझ्याकडून नेतो. पैसे देऊ नको म्हटलं तर तो दुसऱ्या दुकानात जाईल, म्हणून घेतो.

काउंटरवर आता एक साधं बॉलपेन दोरीला बांधून ठेवलंय आणि बाजूला कापसाची डबी. मुलाला मी डाग तपासायला शिकवलं. तो फिकट डाग दिसला की दुकानाच्या आतल्या खोलीत बोलावतो, दार लोटतो, आणि नीट, सरळ आवाजात विचारतो. शंका आली तर शब्दही सांगतो. कुजबुजायचं नाही, एवढी एकच अट मी त्याला घातली आहे.

तुमच्या अंगावर फिकट किंवा लालसर डाग असेल, तो खाजत नसेल, त्यावर घाम येत नसेल, पेनाचं टोक टेकवलेलं कळत नसेल, तर माझ्या दुकानात येऊ नका. दुसऱ्या कुणाच्याही जाऊ नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर सिव्हिलला जा. त्यावरचं औषध तिथं फुकट मिळतं. आमच्याकडे ते विकायला नसतंच.